‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी: नेटवर्कचे प्रोटोकॉल एकेक करून ओळखा

जळगाव, धुळे, नंदुरबार कुठल्याही तालुक्याच्या गावी जा; सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, पतपेढीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ या एका वाक्याखाली निदान सात वेगवेगळे बिघाड झाकले जातात. वायरीचं टोक सैल आहे. राउटरने कॉम्प्युटरला पत्ता दिलेला नाही. दोन यंत्रांना एकच पत्ता मिळालाय. साइटच्या नावाचा पत्ता सापडत नाही. पोर्ट अडवलाय. कॉम्प्युटरची तारीख चुकलीय. आणि हो, कधीकधी सर्व्हर, म्हणजे साइट पुरवणारा पलीकडचा कॉम्प्युटर, खरोखर बंद असतो. यातला प्रत्येक बिघाड वेगळ्या प्रोटोकॉलचा आहे. म्हणून प्रोटोकॉल शिकायची सोपी वाट म्हणजे व्याख्या पाठ करणं नाही, तर नेट अडलं की ते नेमकं कुठल्या पायरीवर अडलं ते शोधणं.

प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी बोलण्याआधीच मान्य केलेली रीत. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तो बघितला असेल तर अर्धं काम झालं. कुठली बोटं दाबली म्हणजे किती, नकार कसा द्यायचा, सौदा पक्का कधी, हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं. नवख्याचा हात रुमालाखाली घातला तर बोटं तीच, पण सौदा होत नाही. नेटवर अशा रिती एकावर एक रचलेल्या असतात. खालची रीत बिघडली की वरची कितीही धड असो, काम होत नाही. म्हणून तपासणी खालून वर करायची.

पुढे विंडोजवरचे आदेश दिले आहेत. स्टार्ट दाबून ‘सीएमडी’ टाइप केलं की काळी खिडकी उघडते, ते तिथे लिहायचे. वाचण्यासाठी ते इथे देवनागरीत आहेत. टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच करायचे.

वायर आणि दिवे

आधी डोळ्यांनी बघा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल पेटला किंवा लुकलुकला म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही. पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. तार कुठे दुमडली आहे का ते बघा. फायबर कोपऱ्यावर घडी घालून खिळ्याने ठोकलेली असते आणि हा गुन्हा बहुधा रंगकाम करताना घडतो. डब्याच्या पानावर (ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकला की उघडतं ते) आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ किंवा त्याहून खाली गेला असेल तर सेवा देणाऱ्याला तोच आकडा सांगा.

मग तांब्याची वायर. कॅट-५ई वायरीत आठ तारा, चार जोड्या असतात आणि एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर. टोकाला रंगांचा नेहमीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसला यातल्या फक्त १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा लागतात. १ जीबीपीएसला आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, पण वेग गुपचूप १०० वर उतरतो. ३०० चा प्लॅन घेऊन ९४-९५ च्या वर वेग जात नसेल तर कंपनीशी भांडण्याआधी वायरीचं टोक पुन्हा क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती टोकाला लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. चार पैसे जास्त गेले तरी पूर्ण तांब्याचीच घ्या.

आपल्याकडच्या दोन खास अडचणी इथेच सांगून टाकतो. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याखाली छताला टांगलेल्या राउटरचं काय होत असेल, बघा. दुपारी दोन ते पाच नेट अडखळतं आणि रात्री सुरळीत चालतं, असं असेल तर राउटर खाली, हवा लागेल अशा जागी उतरवा आणि त्यावर रजिस्टर ठेवू नका. दुसरी अडचण जूनच्या सुरुवातीच्या विजांची. घरापासून गोडाऊनपर्यंत उघड्यावरून तांब्याची वायर ओढली असेल तर जवळ पडलेली वीज दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाते. दोन इमारतींमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारा डबा) लावा. काचेतून वीज वाहत नाही. मात्र आत पोलादी तार नसलेली फायबर मागा.

आणखी एक गंमत: एकाच पॅचकॉर्डची (तयार छोट्या वायरीची) दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये, म्हणजे अनेक यंत्रांच्या वायरी एकत्र आणणाऱ्या डब्यात, खोचली गेली तर सगळ्यांसाठीचे संदेश गोलगोल फिरत राहतात आणि अख्खं दुकान ठप्प होतं. स्विचचे सगळे दिवे वेड लागल्यासारखे एकसाथ लुकलुकत असतील तर हाच संशय घ्या. एकेक वायर काढत जा. जिच्यामुळे दिवे शांत होतील ती दोषी.

वायफायबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण गर्दीचं असतं. त्यात १, ६ किंवा ११ हेच चॅनल निवडा, कारण एवढेच एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण मातीच्या जाड भिंतीपुढे हात टेकतं. ज्या कॉम्प्युटरवर पैशांचे व्यवहार होतात त्याला वायरच लावा.

पत्ता कोण देतं: डीएचसीपी

काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ लिहा. चार ओळी शोधायच्या: आयपी पत्ता, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावाचा पत्ता सांगणारा). बहुतेक ठिकाणी पत्ता १९२.१६८.१.३५ असा, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.१ दिसेल. मास्क सांगतो की पत्त्याचे पहिले तीन भाग म्हणजे गल्ली आणि शेवटचा भाग म्हणजे घर क्रमांक. पहिले तीन भाग जुळले तर समोरचा आपल्याच गल्लीतला, थेट द्या. नाही जुळले तर गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या हवाली करा.

हे सगळं कॉम्प्युटरला डीएचसीपी सांगतो. चार पावलांत काम होतं. कॉम्प्युटर ओरडतो, ‘कोणी पत्ता देतं का?’ राउटर म्हणतो, ‘हा ३५ घे.’ कॉम्प्युटर म्हणतो, ‘बरं, ३५ घेतो.’ राउटर म्हणतो, ‘दिला, अमुक तासांसाठी.’ मुदत ठरलेली असते, म्हणजे पत्ता भाड्याचा असतो, मालकीचा नाही.

‘आयपीकॉन्फिग’मध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, कॉम्प्युटर ओरडला पण कोणी ओ दिली नाही. मग विंडोजने आपलाच आपण एक पत्ता घेतला, जो बाहेर कामाचा नाही. अशा वेळी ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ करा. तरीही तेच आलं तर वायर, स्विच किंवा राउटरचा डीएचसीपी यांपैकी एक दोषी. दुकानात आलेल्या प्रत्येकाला वायफायचा पासवर्ड दिला असेल तर आणखी एक शक्यता: राउटरकडे १०० ते १९९ असे शंभरच पत्ते असतील आणि ते गिऱ्हाइकांच्या मोबाइलांनीच भाड्याने घेऊन ठेवले असतील. त्यांच्यासाठी गेस्ट वायफाय वेगळं करा आणि भाड्याची मुदत एक-दोन तासांवर आणा.

खान्देशातच काय, कुठेही सर्वांत जास्त घोळ दुसऱ्या राउटरने होतो. मागच्या खोलीत रेंज नाही म्हणून जुना राउटर जोडला जातो आणि मग गल्लीत पत्ते वाटणारे दोन पाटील होतात. काही यंत्रांना याचा पत्ता, काहींना त्याचा. कधी नेट चालतं, कधी नाही, आणि प्रिंटर तर दिसतच नाही. योग्य पद्धत अशी. जुन्या राउटरला आधी फक्त एक कॉम्प्युटर जोडा, बाकी काही नाही. त्याच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर आत जा आणि डीएचसीपी बंद करा. मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टपासून याच्या लॅन पोर्टपर्यंत वायर लावा. वॅन (बाहेरून येणारं नेट जोडायचं) लिहिलेलं भोक रिकामं ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी आधी बंद केलात तर त्या राउटरच्या पानावर जायला आपोआप पत्ता मिळणार नाही; मग तो कॉम्प्युटरला हाताने द्यावा लागेल, नाहीतर पिन टोचून फॅक्टरी रिसेट करत बसावं लागेल.

प्रिंटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा), बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र यांचा पत्ता बदलता कामा नये. राउटरचा वाटप-पट्टा १०० ते १९९ ठेवा आणि या यंत्रांना हाताने ५०, ५१, ५२ असे त्याबाहेरचे पत्ते द्या. पट्ट्यातला पत्ता हाताने दिला तर कधी ना कधी राउटर तोच दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल.

दार कुठलं: एआरपी

आयपी पत्ता कळला तरी वायरीवरून वस्तू द्यायला यंत्राचा जन्मखूण-क्रमांक लागतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो बारा अंकी असतो आणि त्यात ए ते एफ ही अक्षरंही येतात. एआरपी हा प्रोटोकॉल गल्लीत उभा राहून विचारतो, ‘१९२.१६८.१.५० कोण भो?’ ज्याचा तो पत्ता असेल तो स्वतःचा मॅक सांगतो. ‘एआरपी -ए’ लिहिलं की आतापर्यंत झालेल्या ओळखींची यादी दिसते.

आता ‘पिंग १९२.१६८.१.१’ करा; पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला ‘आहेस का?’ अशी हाक. इथे उत्तराचे शब्द नीट वाचायची सवय लावून घ्या, कारण नवखे लोक सगळ्याच अपयशांना एक समजतात. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं आलं आणि उत्तर तुमच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलेलं दिसलं, तर एआरपीला कोणी ओ दिली नाही. म्हणजे समोरचं यंत्र बंद आहे, वायर सुटलीय किंवा तुम्ही दोघं वेगळ्या गल्लीत आहात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर पाकीट (नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा) गेलं, उत्तर आलं नाही. तिथे फायरवॉलचाही (नको ती पाकिटं अडवणाऱ्या पहारेकऱ्याचा) संशय घ्या.

एकच पत्ता दोघांना मिळालाय का, हे ओळखायची खात्रीची युक्ती: प्रिंटरचा प्लग काढा, काळ्या खिडकीत प्रशासक म्हणून ‘एआरपी -डी *’ लिहून जुन्या ओळखी पुसा आणि मग प्रिंटरच्या पत्त्याला पिंग करा. बंद प्रिंटर उत्तर देत असेल तर उत्तर देणारा दुसराच कोणीतरी आहे. ‘एआरपी -ए’मध्ये त्याचा मॅक बघा आणि राउटरच्या यादीत जुळवा. बऱ्याचदा तो एखाद्याचा मोबाइल निघतो.

पिंगचे आकडेही बोलतात. वायरीवर राउटरचं उत्तर १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी यायला हवं. वायफायवर २ ते १० चालेल. ‘पिंग १९२.१६८.१.१ -एन ५०’ करून पन्नास उत्तरं बघा. वायफायवर ३, ४, २८०, ५, ४१० असे आकडे उड्या मारत असतील तर रोग तुमच्याच भिंतींच्या आत आहे, बाहेरच्या कंपनीला फोन करून फायदा नाही. वायरीवर पन्नासात एकही पाकीट हरवता कामा नये.

गावाबाहेर: आयपी आणि राउटिंग

‘पिंग ८.८.८.८’ करा. हा गूगलचा पत्ता. उत्तर आलं की तुमच्या दुकानापासून बाहेरच्या जगापर्यंत रस्ता खुला आहे. सराव झाला की तपासणी इथूनच सुरू करा. इथे उत्तर आलं तर खालचं सगळं आपोआप पास झालं आणि अर्धा वेळ वाचला.

राउटिंग समजायला भुसावळ जंक्शन पुरेसं आहे. मुंबईकडून आलेल्या मालगाडीच्या वाघिणीवर मुक्कामाचं नाव असतं. भुसावळला एवढंच ठरवतात की ही खंडवा-इटारसीच्या मार्गावर घालायची की अकोला-नागपूरच्या. सुरतेची असेल तर तिचा निर्णय आधीच जळगावला झालेला असतो, अमळनेर-नंदुरबारच्या लाइनीवर. पुढचा सगळा नकाशा कुणा एकाकडे असावा लागत नाही. आयपी पाकिटाचंही तसंच: प्रत्येक राउटर फक्त पुढची लाइन निवडतो. चुकून दोन राउटर एकमेकांकडेच पाकीट ढकलत बसले तर? म्हणून पाकिटावर टीटीएल नावाचा आकडा असतो. विंडोज तो १२८ पासून सुरू करतं, लिनक्स आणि अँड्रॉइड ६४ पासून. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पाकीट फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो.

याच कळवण्याचा उपयोग ‘ट्रेसआरटी ८.८.८.८’ करतो (स्पेलिंग टी-आर-ए-सी-ई-आर-टी, मधे जागा नाही). तो मुद्दाम आधी १, मग २, मग ३ टीटीएलची पाकिटं सोडतो आणि कुठल्या स्टेशनावरून परत आली त्याची यादी देतो. पहिली ओळ तुमच्या राउटरची, दुसरी-तिसरी सेवा देणाऱ्याची. मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले म्हणून घाबरू नका. काही राउटर अशा चौकशीला उत्तर देतच नाहीत. शेवटची ओळ आली म्हणजे झालं. दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत फक्त तारेच असतील आणि ‘पिंग’ही जात नसेल, तर बिघाड तुमच्या राउटरच्या पलीकडे आहे. तक्रार करताना हीच यादी स्क्रीनशॉटसह पाठवा. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा तिला वजन असतं.

वेळेचा अंदाजही असू द्या. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याला चार मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा वेळ धरून १५-२५ आले तर ठणठणीत. अमेरिकेतल्या सर्व्हरला २०० च्या वर गेले तर तो दोष नाही, अंतर आहे.

मळ्यातून मोबाइलवर गोडाऊनचा कॅमेरा बघायचा आहे, डीव्हीआरला पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेली जोडणी डीव्हीआरकडे वळवायची सोय) केलंय, तरी दिसत नाही, अशी तक्रार असली तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. आयपीच्या जुन्या चौथ्या आवृत्तीत मिळून ४२९ कोटींच्या आसपासच पत्ते आहेत, ते पुरत नाहीत, म्हणून ही सोय. बाहेरून येणाऱ्याला त्या पत्त्यावर ठोठावता येतं, पण तुमचं दार कुठलं ते कळत नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी हे सुटणार नाही. एकतर डीव्हीआरची क्लाउड सोय वापरा, जिथे डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर जोडणी करतो, किंवा कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी विकत घ्या.

जाता जाता एक चमत्कारिक बिघाड. काही फायबर जोडण्या पीपीपीओई (लॉगिन-पासवर्डने जोडायची पद्धत) वापरतात; त्यात पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ बाइट होते. सेटिंग चुकलं तर गूगल उघडतं, पण मोठा फॉर्म अपलोड होताना लटकतो. ‘पिंग ८.८.८.८ -एफ -एल १४६४’ जातं आणि १४६५ जात नाही, असं दिसलं (उरलेले २८ बाइट वेष्टनाचे), तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे हीच कमाल लांबी, १४९२ आहे ना ते बघा.

नावाचा पत्ता: डीएनएस

‘८.८.८.८’ पिंग होतो पण साइट नावाने उघडत नाही. हा डीएनएसचा बिघाड, आणि ‘सर्व्हर डाऊन’च्या नावावर सर्वांत जास्त खपतो तो हाच. पूर्वी नेटवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं-पत्ते एका फाइलीत लिहून ती वाटली जायची. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वाटून ठेवलेल्या वहीची पद्धत मांडली, ती डीएनएस. तुम्ही नाव विचारता, तुमचा डीएनएस सर्व्हर वरपासून विचारत जातो आणि उत्तर काही काळ लक्षात ठेवतो.

तपासायला ‘एनएसलुकअप’ लिहून पुढे साइटचं नाव द्या. मग तेच नाव देऊन त्यापुढे ८.८.८.८ जोडा, म्हणजे प्रश्न थेट गूगलच्या डीएनएसला जाईल. पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला आहे, तर तुमच्या कंपनीचा डीएनएस आजारी आहे. राउटरच्या डीएचसीपी पानावर डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका, प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं टाकत बसू नका, नंतर कुठे काय टाकलं ते आठवत नाही. शेवटी ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ करून जुनी आठवण पुसा.

फक्त एकाच कॉम्प्युटरवर, एकच साइट उघडत नसेल तर विंडोजची ‘होस्ट्स’ फाइल बघा. ती सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशी आत दडलेली असते. वर सांगितलेल्या जुन्या फाइलीची ही नात अजून जिवंत आहे आणि विंडोज डीएनएसआधी तिचंच ऐकतं. कधीकाळी कुणी जाणकाराने एखाद्या पोर्टलचा पत्ता त्यात लिहून ‘तोडगा’ काढलेला असतो. पोर्टलने पत्ता बदलला की तो तोडगाच रोग होतो. ती ओळ काढा.

कुठल्या खिडकीवर: टीसीपी, यूडीपी आणि पोर्ट

पत्ता सापडला, पण इमारतीत ६५ हजारांवर खिडक्या, म्हणजे पोर्ट, आहेत. साधी वेबसाइट ८० वर, कुलूपवाली ४४३ वर, डीएनएस ५३ वर, रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर, नेटवर्क प्रिंटर ९१०० वर. टीसीपी आधी खात्री करतो: ‘ऐकू येतंय का?’ ‘हो, तुला येतंय का?’ ‘येतंय.’ एवढं झाल्यावर बोलणं सुरू, प्रत्येक तुकड्याला क्रमांक, पोचपावती आली नाही तर तुकडा पुन्हा. यूडीपी अशी चौकशी करत नाही. टाकतो आणि मोकळा होतो. व्हिडिओ कॉलमध्ये हरवलेला शब्द दोन सेकंदांनी परत आणून उपयोग काय? तिथे यूडीपीच बरा.

एखादी खिडकी उघडी आहे का ते बघायला पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.५० -पोर्ट ९१००’ लिहा. शेवटी ‘ट्रू’ आलं तर प्रिंटर ऐकतोय. मग छपाई अडत असेल तर विंडोजमधल्या प्रिंटरच्या पोर्टचं सेटिंग चुकलंय. तिथे डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट असेल तर तो बदलून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट करा आणि ५० चा पत्ता द्या. सकाळी उठल्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसण्याचा रोजचा ताप बहुधा इथेच संपतो. वेबसाइटसाठीही हीच कसोटी ४४३ वर लावा. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून ‘पिंग नाही, म्हणजे साइट बंद’ हा निष्कर्ष कच्चा आहे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ यांतला फरकही कामाचा. पहिल्यात यंत्र जागं आहे, पण त्या खिडकीवर कोणी बसलेलं नाही. दुसऱ्यात एकतर यंत्रच नाही किंवा वाटेत कुणीतरी पाकीट गिळतंय.

बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची भानगड मात्र इंटरनेटची नसतेच. ब्राउझर तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या आरडी सर्व्हिसशी (ठशाच्या यंत्रासाठी टाकलेल्या प्रोग्रॅमशी) १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० मधल्या एखाद्या पोर्टवर बोलतो. ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ आलं तर राउटर बंद-चालू करू नका. विंडोजच्या सर्व्हिसेस यादीत ती सर्व्हिस चालू आहे का, आणि अँटिव्हायरसने तिला अडवलंय का, ते बघा.

रुमाल: टीएलएस

पत्त्याच्या पट्टीत ‘एचटीटीपीएस’ असतं तेव्हा बोलण्यावर टीएलएसचा रुमाल असतो. बाजारातल्या रुमालासारखाच: कोण कुणाशी सौदा करतंय ते गर्दीला दिसतं, भाव दिसत नाही. सेवा देणारी कंपनी तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते पाहू शकते, पासवर्ड पाहू शकत नाही. रुमालाखाली हात समोरच्याचाच आहे ना, हे सर्टिफिकेट सांगतं. पण ते फक्त नावाची हमी देतं, हेतूची नाही. फसव्या साइटलाही रुमाल मिळतो. म्हणून नाव अक्षर अक्षर वाचा.

सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं असतं. रोज वीज जाणाऱ्या ठिकाणी जुन्या कॉम्प्युटरचा सेल संपला की प्रत्येक सकाळी घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग एकही सुरक्षित साइट उघडत नाही आणि इशारा येतो की जोडणी खासगी नाही. ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, दुरुस्त करा आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल बदला. तारीख बरोबर आहे आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर, मोबाइल डेटावरही तोच इशारा येतोय, तर सर्टिफिकेट साइटचंच संपलंय; तिथे थांबण्याशिवाय इलाज नाही.

शेवटचा दरवाजा: एचटीटीपी

इथपर्यंत आलात म्हणजे सर्व्हरशी गाठ पडली. आता तो आकड्यांत बोलतो. २०० म्हणजे ठीक. ४०३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही, ४०४ म्हणजे ते पान नाही, ४२९ म्हणजे फार घाईने विचारताय. चारशेच्या घरातले आकडे आले तर आपल्या मागणीत काहीतरी खटकतंय. पत्ता, लॉगिन तपासा. पाचशेच्या घरातले आले तर गडबड पलीकडे आहे: ५०० म्हणजे आतला प्रोग्रॅम कोलमडला, ५०२ आणि ५०४ म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागच्याकडून धड किंवा वेळेत उत्तर मिळालं नाही, ५०३ म्हणजे सध्या जमत नाही. पीकविम्याची मुदत संपत आली की ५०३ आणि ५०४ चा पाऊस पडतो. तेव्हा आणि तेव्हाच ‘सर्व्हर डाऊन’ म्हणायला हरकत नाही. राउटरला हात लावू नका. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा.

मात्र पैसे भरताना ५०४ आला, किंवा पान फिरत राहिलं, तर एफ५ (पान पुन्हा मागवायची कळ) दाबू नका. पान नुसतं बघायची मागणी ‘गेट’ पद्धतीने जाते. ती दहादा केली तरी काही बिघडत नाही. फॉर्म किंवा पैसे ‘पोस्ट’ पद्धतीने जातात. ५०४ चा अर्थ ‘उत्तर वेळेत आलं नाही’ एवढाच आहे, ‘काम झालं नाही’ असा नाही. तुमची मागणी पोचून खात्यातून रक्कम गेलेली असू शकते आणि फक्त पावती वाटेत अडलेली असू शकते. ब्राउझर ‘फॉर्म पुन्हा पाठवू का?’ विचारतो तो याचसाठी. तिथे रद्द करा. आधी बँकेचा एसएमएस बघा, मग पोर्टलवर नव्याने लॉगिन करून व्यवहारांच्या यादीत अर्ज क्रमांक शोधा. तिथे ‘प्रलंबित’ दिसत असेल तर काही वेळ थांबून पुन्हा बघा. यादीतही काही नाही आणि खात्यातूनही काही गेलं नाही, अशी खात्री झाल्यावरच गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्यांदा भरा.